कॉर्कमध्ये एकच मोकळा दिवस आहे? मग कोव्हला जा

धुकट

आयर्लंड बघायला येणारी आपली मंडळी डब्लिन, मोहेरचे कडे, किलार्नी अशी फिरतात आणि परतीच्या वाटेवर कॉर्कला एक दिवस उरला की विचारतात, "ब्लार्नीचा किल्ला करू का?" करा की, वाईट काही नाही. रांगेत उभे राहा, उताणे होऊन दगडाची पापी घ्या, फोटो काढा. पण दिवस खरंच एकच असेल तर माझं मत कोव्हला. (उच्चार कोव्ह असाच. Cobh या स्पेलिंगकडे बघू नका.)

कॉर्कच्या केंट स्टेशनातून लोकल सुटते, पंचवीसेक मिनिटांत पोचवते. जाताना उजवीकडची खिडकी धरा. फोटा स्टेशन सोडल्यावर रूळ जवळजवळ पाण्याला चिकटूनच जातात. गाव ग्रेट आयलंड नावाच्या बेटावर आहे, टेकडीच्या उतारावर, समोर कॉर्कचं प्रचंड नैसर्गिक बंदर. गुलाबी, पिवळी, निळी घरं आणि सगळ्यांच्या डोक्यावर सेंट कोलमन कॅथेड्रलचा मनोरा. कॅलेंडरवर छापतात तसं गाव.

पण त्या रंगांवर जाऊ नका. ही जागा मुळात निरोपाची. १८४८ ते १९५० या काळात आयर्लंडमधून साठेक लाख माणसं देश सोडून गेली, त्यातली सुमारे पंचवीस लाख याच धक्क्यावरून. त्याआधी कैद्यांना ऑस्ट्रेलियाला नेणारी जहाजंही इथूनच निघायची. टायटॅनिकवर इथून चढलेले प्रवासी होते १२३. तेव्हा टायटॅनिकला तासभर द्या आणि उरलेला दिवस बाकीच्या पंचवीस लाखांना. तसं केलंत तर हे गाव कळेल.

मी पाहुण्यांना फिरवतो तो क्रम असा. स्टेशनच्या जुन्या इमारतीतच हेरिटेज सेंटर आहे, आधी ते. बाहेर धक्क्यावर ॲनी मूर आणि तिच्या दोन भावांचा पुतळा. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, म्हणजे स्थलांतरितांचं तपासणी केंद्र, सुरू झालं तेव्हा तिथून अमेरिकेत पाऊल ठेवणारी पहिली व्यक्ती ही सतरा वर्षांची पोरगी. आईवडील आधीच पुढे गेलेले, धाकट्या दोघा भावांना घेऊन ही 'नेव्हाडा' बोटीतून मागून निघाली. पुतळ्यात ती मागे वळून बघते आहे, एका भावाचा हात मात्र पुढे समुद्राकडे. एलिस आयलंडवरही तिचा पुतळा आहे, त्याच शिल्पकर्तीचा.

मग किनाऱ्याच्या बागेतून चालत गावाच्या मध्यावर, तिथून चढ चढून कॅथेड्रल. जेवण खाली उतरल्यावर. दुपारी स्पाइक आयलंड (जुन्या तुरुंगाचं बेट) किंवा जुनं कबरस्तान, दोन्ही नको, घाई होते.

प्रश्न असतील तर विचारा, मी इथेच जवळ राहतो.

काकूबाई

छान लिहिलंत. आम्ही दोघं जूनमध्ये मुलाकडे येतोय, हे डायरीत उतरवून ठेवलं. दोन प्रश्न. एक, 'चढ चढून' म्हणजे नक्की किती? ह्यांचे गुडघे सहकार्य करत नाहीत. दोन, शाकाहारी माणसाने तिथे काय खायचं? मुलगा म्हणतो, "आई, सगळं मिळतं." त्याचं 'सगळं' मला माहीत आहे.

धुकट

@काकूबाई, चढ खराच आहे. अंतर थोडं, पण रस्ता सरळ आकाशाकडे जातो. सावकाश गेलात तर पंधरा मिनिटं. गुडघे अगदीच नाही म्हणाले तर खालून टॅक्सी करा, लाज नको. उतरताना मात्र चालत या, गल्लीगल्लीतून खाली समुद्र दिसत राहतो.

खाण्याचं म्हणाल तर प्रत्येक कॅफेत 'आजचं सूप' असतं, बहुतेकदा भाज्यांचंच. पण त्यात चिकनचं पाणी नाही ना, हे विचारून घ्या, मनापासून उत्तर देतात. सोबत ब्राउन सोडा ब्रेड आणि लोणी. हा ब्रेड यीस्टशिवाय, ताक आणि खायच्या सोड्यावर फुगवतात. गरम असेल तर दुसरं काही लागत नाही. आणि चहा! आयरिश माणूस चहाच्या बाबतीत आपला सख्खा भाऊ आहे, कडक आणि दूध घालून. बॅरीज ही कॉर्कचीच जुनी चहा कंपनी, १९०१ पासूनची. आलं-वेलची घरून आणा.

मासे खाणाऱ्यांनी सीफूड चाउडर, म्हणजे माशांचं दाट सूप, चुकवू नये.

उलटतपासणी

सगळं ठीक आहे, पण मला हे गाव आवडलं नाही, हे नोंदवतो. दीड हजार माणसं बुडून मेली त्या बोटीच्या नावाने मग, टोप्या, चावीच्या साखळ्या. टायटॅनिकच्या कंपनीचं जुनं कार्यालय आता प्रदर्शन म्हणून दाखवतात, लोक आइस्क्रीम खात खात त्यात शिरतात आणि हसत बाहेर येतात. हा मृत्यूचा बाजार आहे. त्यापेक्षा किन्सेल गाव बघा. तितकंच रंगीत, खायला त्याहून चांगलं, चार्ल्स फोर्टसारखा सतराव्या शतकातला किल्ला आणि कुणाच्या मरणाची तिकिटं नाहीत.

धुकट

@उलटतपासणी, मग-टोप्यांबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. पण त्या कार्यालयाबद्दल भांडेन. ती व्हाइट स्टार लाइनची, म्हणजे टायटॅनिकच्या मालक कंपनीची, मूळ कचेरी आहे, नंतर उभारलेला देखावा नाही. शेवटचे प्रवासी ११ एप्रिल १९१२ ला तिथूनच निघाले. टायटॅनिक बंदरात आलीच नव्हती, एवढी मोठी बोट रोशेस पॉइंटजवळ, बंदराच्या तोंडाशी नांगरून उभी राहिली. माणसं आणि टपाल नेलं 'आयर्लंड' आणि 'अमेरिका' नावाच्या दोन छोट्या बोटींनी. कचेरीच्या मागे लाकडी धक्क्याचे कुजलेले खांब अजून पाण्यात उभे आहेत, ते बघाच.

आणि १२३ पैकी ११३ तिसऱ्या वर्गाचे होते. शेतमजूर, घरकामाला निघालेल्या मुली. आत शिरताना तुमच्या हातात एका खऱ्या प्रवाशाच्या नावाचं तिकीट देतात आणि तो जगला की नाही ते शेवटी कळतं. वाचले जेमतेम एक तृतीयांश. हसत बाहेर येणारे असतील, मला तरी बहुतेक लोक गप्प झालेले दिसले आहेत.

शेवग्याची शेंग

इथे उतरलेल्या त्या पाद्र्याची गोष्ट कुणीच सांगितली नाही? मग मी सांगते, मला फार आवडते.

फ्रान्सिस ब्राउन, तेव्हा धर्मगुरू होण्यासाठी शिकत होता. त्याचा काका रॉबर्ट ब्राउन इथलाच बिशप, म्हणजे याच कोव्हच्या कॅथेड्रलचा. काकाने पुतण्याला भेट म्हणून टायटॅनिकचं तिकीट काढून दिलं, पण साउथॅम्प्टन ते क्वीन्सटाउन एवढंच. (कोव्हचं तेव्हाचं नाव क्वीन्सटाउन. १८४९ मध्ये व्हिक्टोरिया राणी येऊन गेली म्हणून ते पडलं आणि १९२० मध्ये काढून टाकलं.) बोटीवर एका श्रीमंत अमेरिकन जोडप्याशी त्याची ओळख झाली. ते म्हणाले, न्यूयॉर्कपर्यंत चल, पैसे आम्ही भरतो. त्याने वरिष्ठांना तार करून परवानगी मागितली. उत्तर आलं, त्या बोटीवरून उतर. बस, एवढंच.

तो उतरला आणि त्याच्याबरोबर त्याचा कॅमेराही. टायटॅनिकच्या डेकवर फिरणारी माणसं, व्यायामशाळा, भोवरा फिरवणारा मुलगा, हे आज आपण बघतो ते बरेचसे फोटो त्याचेच. ती तार म्हणे त्याने जन्मभर पाकिटात जपून ठेवली.

खेकडा

वरिष्ठांचं ऐकावं ते असं. आमच्या मॅनेजरला दाखवतो. (हलके घ्या.)

रेल्वेवेडा

धाग्यात रेल्वे आली म्हणून राहवलं नाही.

कॉर्क-कोव्ह मार्गावर ग्लाउनथॉन नावाचं स्टेशन लागतं, तिथे फाटा फुटतो, एक रूळ कोव्हला आणि दुसरा मिडलटनला. डब्लिनच्या पर्यटकाला हा फाटा माहीत नसतो. कोव्ह दुपारी आटोपलं तर परतताना ग्लाउनथॉनला गाडी बदलून मिडलटनला जाता येतं. बहुतेक जण तिथे जेमसनच्या जुन्या व्हिस्की कारखान्यासाठी जातात, पण मी सांगतोय ते बेलिक पार्कमधल्या शिल्पासाठी. स्टेनलेस स्टीलची नऊ उंच पिसं, वाडग्यासारख्या गोलात उभी. १८४७ मध्ये आयर्लंडात दुष्काळ ऐन भरात होता तेव्हा अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी आपल्या तुटपुंज्या पैशांतून वर्गणी काढून इकडे पाठवली होती, आणि ह्या लोकांना स्वतःच्या भूमीतून हाकलून दिल्याला तेव्हा पुरती दोन दशकंही झाली नव्हती. त्याची आठवण म्हणून ते शिल्प. दुष्काळासाठी परदेशातून आलेल्या पहिल्या मदतीत कलकत्त्यात जमवलेले पैसेही होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

तिकिटाचं सोपं आहे. डब्लिनमध्ये घेतलेलं लीप कार्ड (बस-रेल्वेसाठीचं टॅप करायचं कार्ड) ह्या लोकलवरही चालतं. फलाटावर टॅप करायला विसरू नका.

मधलीसुट्टी

आम्ही सात आणि दहा वर्षांची दोन मुलं घेऊन जाणार आहोत. धागा वाचला तर दुष्काळ, बुडालेली बोट, कबरस्तान. मुलं मला सोडणार नाहीत. काही आनंदी आहे का त्या बेटावर?

शेवग्याची शेंग

@मधलीसुट्टी, आहे की! कोव्हला पोचण्याआधी लागणारं फोटा स्टेशन. उतरलात की समोरच फोटा वाइल्डलाइफ पार्क. लेमूर आणि वॉलबी तुमच्या पायवाटेवरून मोकळे हिंडतात, चित्ते बघायला मिळतात. मुलं तिथेच दमली तर दमू द्या, कोव्हला फक्त आइस्क्रीम आणि 'डेक ऑफ कार्ड्स'. म्हणजे वेस्ट व्ह्यू नावाच्या उतरत्या रस्त्यावरची तेवीस घरं, एकाला एक टेकून, प्रत्येकाचा रंग वेगळा. गावात गमतीने म्हणतात, खालचं घर पडलं तर वरची सगळी पत्त्यांसारखी कोसळतील. फोटोसाठी समोरच्या छोट्या बागेत जावं, तिथून घरांच्या मागे कॅथेड्रल येतं. लोकांची राहती घरं आहेत, पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका. आपली मंडळी हमखास बसतात.

मोठ्या मुलासाठी स्पाइक आयलंड. माझ्या मुलाला कैदखाना म्हटल्यावर इतका उत्साह आला की मलाच काळजी वाटली.

धुकट

स्पाइकबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते कोव्हमधलं सगळ्यात भारी तेच आहे आणि लोक वेळ नाही म्हणून सोडतात.

केनेडी पिअरवरून बोट सुटते. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाला जावं तितकंच अंतर वाटतं. सातव्या शतकात तिथे मठ होता म्हणतात. मग इंग्रजांनी ताऱ्याच्या आकाराचा किल्ला बांधला. १८४७ मध्ये, भर दुष्काळात, त्याचा तुरुंग केला. पोटासाठी मेंढी किंवा पावाचा तुकडा चोरणारी माणसं पकडून इतकी आणली की १८५० च्या सुमारास दोन हजारांहून अधिक कैदी त्या बेटावर कोंबले होते. त्या तुरुंगाच्या छत्तीस वर्षांत हजाराहून अधिक जण तिथेच मेले आणि तिथेच पुरले गेले.

किल्ल्याचं आजचं नाव फोर्ट मिचेल, जॉन मिचेल या क्रांतिकारकावरून. १८४८ मध्ये बर्म्युडाला पाठवण्यापूर्वी त्याला इथे ठेवलं होतं. गंमत अशी की इंग्लंडबरोबरच्या १९२१ च्या तहानंतर आयर्लंडच्या बहुतेक भागातून इंग्रज गेले तरी हे बेट आणि बंदराच्या तोंडावरचे किल्ले त्यांनी सोडले नाहीत. युनियन जॅक उतरला तो थेट ११ जुलै १९३८ ला. पुढे तिथे आयरिश तुरुंग झाला, १९८५ मध्ये कैद्यांनी दंगा करून इमारतच जाळली, आणि तुरुंग पूर्ण बंद झाला २००४ मध्ये.

जाऊन येऊन साडेतीन तास धरा. फेऱ्या हंगामावर अवलंबून असतात, तिकीट आधी ऑनलाइन काढा. वारा बेफाम असतो, छत्री निरुपयोगी, टोपीवालं जॅकेट घ्या.

पायपीट

ह्या धाग्यात लुसिटानिया अजून आली नाही याचं आश्चर्य वाटतं. टायटॅनिक कोव्हहून गेली, लुसिटानिया कोव्हकडे आली.

७ मे १९१५. किन्सेलच्या ओल्ड हेड या भूशिरासमोर जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला, अठरा मिनिटांत बोट तळाला. सुमारे बाराशे मेले. वाचलेले आणि मृत, दोन्ही क्वीन्सटाउनच्या धक्क्यावर आणले. गावच्या लोकांनी घरं उघडून दिली, हॉटेलं, दवाखाने भरले. १० मे ला अंत्ययात्रा निघाली. गावाबाहेरच्या ओल्ड चर्च सिमेटरीत दीडशेहून अधिक जण पुरले आहेत, बरेचसे सामुदायिक खड्ड्यांत, कारण ओळखच पटली नाही.

गावच्या मध्यावर केसमेंट स्क्वेअरमध्ये त्याचं स्मारक आहे. वर देवदूत, खाली दोन थकलेले मच्छीमार. देवदूताकडे सगळे बघतात, मच्छीमारांच्या चेहऱ्यांकडे बघा. माझ्या पाहण्यातल्या युद्धस्मारकांत ज्यांनी मदत केली त्यांना एवढी जागा क्वचितच मिळाली आहे.

@उलटतपासणी, तुमच्या किन्सेललाही मरण चुकलेलं नाही. त्याच ओल्ड हेडवर लुसिटानियाचं संग्रहालय आहे.

उलटतपासणी

मुद्दा मान्य. तरी जेवण किन्सेललाच चांगलं.

गोदाकाठ

मी कॉर्कला औषध कंपनीत आहे. कोव्हच्या धक्क्यावर उभं राहिलं की उजवीकडे पलीकडच्या तीरावर रिंगास्किडीचे कारखाने दिसतात, आमच्यापैकी बरेच जण तिथे कामाला. हेरिटेज सेंटरमध्ये 'अमेरिकन वेक'बद्दल वाचलं आणि गलबलून आलं. घरचं कुणी अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री गावाने जमून जागरण करायचं, गाणी, नाच, पहाटे रडारड. एरवी वेक असतो घरात मयत झाल्यावर. माणूस परत दिसणार नाही हे धरूनच चालायचे. आपणही इथे आलोच की सगळं सोडून. आई विमानतळावर अशीच रडली होती.

पायपीट

@गोदाकाठ, भावना समजतात, पण हे दोन एका तराजूत घालू नका. १८४५ नंतरच्या दुष्काळात दहाएक लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. बटाटा कुजला होता, पण त्याच बंदरांतून धान्य आणि लोणी इंग्लंडला जात होतं. तुम्ही-आम्ही ऑफर लेटर हातात घेऊन आलो आणि गणपतीला तिकीट स्वस्त मिळतं का ते बघतो.

गोदाकाठ

बरोबर. पण आई रडली तेव्हा तिला ऑफर लेटर दिसत नव्हतं.

धुकट

दोघांचंही पटतंय. त्यात एक भर घालतो. कॅथेड्रलचं काम १८६८ ला सुरू झालं आणि मनोरा पुरा व्हायला १९१५ उजाडलं. पैसा कुठून आला? बराचसा गरिबांच्या नाण्यांतून आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांनी पाठवलेल्या रकमांतून. म्हणजे ज्यांना बंदराने घालवलं त्यांनीच बंदरावरचं देऊळ बांधून दिलं. आत जाऊन फरशीवरचं मोझेइक बघा.

जुनाजाणता

एक गोष्ट मुंबईशी थेट जोडलेली आहे म्हणून लिहितो.

२३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क', कॅनडाहून लंडन, दिल्ली करत मुंबईला येणार होतं. आयर्लंडच्या नैऋत्येला समुद्रावर बॉम्बस्फोट झाला, ३२९ जण गेले. मृतदेह कॉर्कच्या रुग्णालयात आणले. समुद्रात शोध घेणाऱ्यांत आयरिश नौदलाची 'ऐस्लिंग' ही नौका होती. कोव्हच्या अगदी समोर जे हॉलबोलाइन बेट दिसतं ते याच नौदलाचं मुख्य ठाणं. भारतातून आणि कॅनडातून धावत आलेल्या नातेवाइकांना कॉर्कच्या सामान्य लोकांनी घरच्यासारखं सांभाळलं, हे त्या कुटुंबांनी वर्षानुवर्षं सांगितलं आहे.

स्मारक कोव्हला नाही, पश्चिम कॉर्कमध्ये अहाकिस्ता या खेड्यात समुद्रकाठी आहे. सूर्यघड्याळ आणि नावं कोरलेली भिंत. दरवर्षी २३ जूनला सकाळी लोक जमतात. कॉर्कहून गाडीने दोन तास धरा. @काकूबाई, तुम्ही जूनमध्येच येताय, मुलाकडे गाडी असेल तर विचार करा.

काकूबाई

आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब त्या विमानात होतं. जाऊ आम्ही. कळवल्याबद्दल आभार.

मधलीसुट्टी

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. शेवटचं एक विचारते, रविवारी जावं की नको? नवरा म्हणतो रविवारी सगळं बंद असतं.

रेल्वेवेडा

रविवारी गाड्या कमी असतात, पण असतात. येण्या-जाण्याच्या वेळा आधी बघून ठेवा.

धुकट

@मधलीसुट्टी, उन्हाळ्यात उलट रविवारीच जा. कॅथेड्रलच्या मनोऱ्यात एकोणपन्नास घंटांचा कॅरिलॉन (सुरात लावलेल्या घंटांचं वाद्य) आहे, आयर्लंडमधला सर्वांत मोठा. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी वादक वर चढून त्यावर चक्क मैफल करतात. ऐकायला आत बसायची गरज नाही, खाली किनाऱ्यावरच्या बागेत बसा, मुलं खेळतील.

फक्त एक बघून घ्या, त्या दिवशी क्रूझ जहाज लागणार आहे का. त्यांचं वेळापत्रक बंदराच्या संकेतस्थळावर असतं. स्टेशनशेजारीच गावाहून उंच जहाज उभं राहतं, हजारो माणसं एकदम उतरतात आणि कॅफेत जागा मिळत नाही. मुलांना ते जहाज बघूनच दिवस वसूल झाल्यासारखं वाटेल ही गोष्ट वेगळी.

गाडीने येणार असाल तर परतताना कॅरिगॅलोची फेरी घ्या. गाडीसकट पलीकडे ग्लेनब्रुकला पाचेक मिनिटांत सोडते, दिवसभर चालू असते. शहराचा वळसा वाचतो आणि मुलांना फुकटात दुसरी बोट. फुकट म्हणजे, गाडीचे पैसे पडतात.

खेकडा

आणि सोनिया ओसलिव्हनचा पुतळा राहिला. कोव्हचीच पोर, सिडनी २००० ऑलिंपिकला पाच हजार मीटरमध्ये रौप्य. किनाऱ्यावर धावत्या पोझमध्ये आहे. चढ बघून कळतं ह्या गावात धावपटू का झाली.

मधलीसुट्टी

ठरलं. रविवार, आधी फोटा, मग घंटा, मग फेरी. स्पाइक पुढच्या वेळी, धाकटी जरा मोठी झाली की. किन्सेलवाल्यांनी रागावू नये, सोमवारी जेवायला तिकडेच येतोय.

उलटतपासणी

टेबल आधी बुक करा.